सूर्य बुडायच्या आत

राग आला की मी अजून आधी आकाशाकडं बघतो. सूर्य कुठवर आला, किती वेळ उरला. ही खोड माझी नाही. माझ्या बीडकडं राग आला की माणूस आधी हाताशी दगड आहे का ते बघतो. ही खोड मला बाईंनी लावली. लावली आणि निघून गेल्या. आता राग मला रोज येतो, आणि या खोडीचं करायचं काय ते सांगायला त्या इथं नाहीत.

बाई म्हणजे परदेशातल्या मिशनच्या बाई. एटापल्लीच्या पुढं डांबर संपतं, तिथून आत जंगलात, माडिया आदिवासींच्या एका गावात त्या, त्यांचे साहेब आणि दोन लेकरं राहायची. कौलारू घर, घराला लागून दवाखाना, आणि दवाखान्याच्या पडवीत रविवारची प्रार्थना. बाई शिकल्या होत्या नर्सचं, पण गाव त्यांना डॉक्टरच म्हणायचं. साहेब हातपंप दुरुस्त करायचे, पत्र्याच्या ड्रमाच्या भट्टीत पाव भाजायचे आणि कमी बोलायचे. त्या घरातलं बोलण्याचं सगळं काम बाईंकडंच होतं.

मी आठवीत शाळा सोडली. सूरजागडच्या खाणीच्या रस्त्यावर ट्रक चालवायला म्हणून इतक्या लांब आलो, आणि पहिल्याच पावसाळ्यात तापानं आडवा झालो. ठेकेदाराच्या माणसानं मला जीपमधून आणून बाईंच्या पडवीत टाकलं, "आलोच" म्हणाला, आणि गेला तो गेलाच. मी डोळे उघडले तर एक गोरी बाई, विटका सलवार-कुडता, पायात पुरुषी चपला, रस्त्याकडं हात करून ओरडत होती :

"काऊन बे! माणूस हाये का पोतं हाये? पोतं बी असं नाई फेकत कोनी!"

पुढं तिनं त्या माणसाच्या आईचा उद्धार केला. मला वाटलं तापात भास होतोय. गोऱ्या बाईच्या तोंडात ही भाषा कुठून येईल? पण बाई मराठी शिकल्या त्या याच गावात, बायांकडून, भांडणं ऐकत. पुस्तकातलं मराठी त्यांना येतच नव्हतं. रागावताना तर त्या आपली मायबोली पार सोडून द्यायच्या. म्हणायच्या, "माही भाषा थंड हाये. बर्फातली. तिच्यात राग जमून जाते."

त्याच दिवशी संध्याकाळी मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. मी शेजारी बसलेल्या जैनीला विचारलं, बाई कुठं निघाल्या. जैनी म्हणजे बाईंच्या हाताखाली काम करणारी, गावातलीच, माझ्याच वयाची. म्हणाली, "तुले फेकून गेला ना, त्याले माफी मागाले."

माझ्या अंगात ताप होता तरी मी उठून बसलो. मला मरायला टाकून गेला त्याची माफी? बाई परत आल्यावर मी तेच बोललो. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

"तो चुकला ते त्याचं. मी त्याच्या मायवरून बोलली ते माहं. माहं मी निस्तरून आली. त्याचं त्याच्याजवळ हाये."

हा त्यांच्या घरचा नियम होता. बायबलात लिहिलंय म्हणे, रागावर सूर्य मावळू देऊ नका. पुष्कळ जण वाचत असतील. बाई ते पाळायच्या, औषधाची गोळी पाळावी तसं. दिवसभर ज्याच्या-ज्याच्यावर ओरडल्या असतील त्याच्या दारात सूर्य बुडायच्या आत हजर. ते झाल्याशिवाय त्यांना रात्रीचं ताट नाही. लेकरांना, साहेबांनाही तोच नियम. जेवायच्या टेबलाशी साहेब एकेकाला विचारायचे, "जेवणार काय?" म्हणजे कुणाशी काही शिल्लक आहे का. पोरगी एकदा भावाशी भांडली आणि हट्टानं उपाशी झोपली, तर बाईंनी तिला उठवली नाही. मी मनातल्या मनात खूप चिडलो. लेकरू उपाशी ठेवतात का कुठं? सकाळी पाहिलं तर ती भावाला आपला पाव देत होती.

मी बरा झालो आणि तिथंच राहिलो. त्यांच्याकडं एक जुनी जीप होती. ती चालवायचं काम मला मिळालं. तिच्यातून एटापल्लीहून औषधं आणायची, रुग्ण न्यायचे, आणि संध्याकाळी बाईंना माफीच्या फेरीवर न्यायचं. खरं सांगतो, रुग्णांपेक्षा माफीतच डिझेल जास्त जायचं. मला सारखी धास्ती. टायर गुळगुळीत, नाल्यात पाणी, आणि जीप बिघडली तर मला कोण ठेवून घेणार? बाई शेजारी बसून पश्चिमेकडं बघत म्हणायच्या, "चाल बीडवाले, चाल. बुडते आता." मला त्या माझ्या नावानं हाक मारायच्या नाहीत, बीडवालेच म्हणायच्या. पावसाळ्यात सूर्य दिसायचा नाही तेव्हा कोंबड्यांवरून ठरायचं. कोंबड्या खुराड्यात शिरल्या की वेळ संपली.

गावानं याचा फायदा उठवला नसता तर ते गाव कसलं. पोरं म्हणायची, "आज बाईले चिडव बे, संध्याकाळी वेलदोड्याचा पाव घेऊन येईन." कारण माफीला रिकाम्या हातानं जायचं नाही, हेही बाईंचंच. साहेबांच्या भट्टीतले ते वेलदोडा घातलेले गोल पाव गावभर याच कारणानं पोचले. धर्माच्या पुस्तकानं पोचले नसते.

लालसू नावाचा म्हातारा होता. क्षयाची औषधं त्यानं मधेच सोडली, आणि वर सांगितलं की कोंबड्याला खोकला होता म्हणून गोळ्या त्याला घातल्या. बाईंनी त्याची काठी हिसकून रस्त्यावर फेकली. "कोंबडा बरा झाला काय मंग? त्यालेच आन दवाखान्यात, त्याचं कार्ड बनवतो!" गाव हसलं, म्हातारा रुसला. संध्याकाळी बाई काठी आणि पाव घेऊन त्याच्या अंगणात. म्हाताऱ्यानं शांतपणे पानाच्या द्रोणात गोरगा ओतला. गोरगा म्हणजे झाडाची ताडी. त्यांच्यात भांडण मिटलं की तो घ्यायचा. नाही घेतला तर भांडण चालू. आणि बाईंच्या मिशनमध्ये दारूचा थेंब पाप.

बाईंनी पश्चिमेकडं बघितलं. मी पण बघितलं. मग डोळे मिटून त्यांनी द्रोण रिकामा केला.

परत येताना जीपमध्ये त्या काहीतरी पुटपुटत होत्या. मी विचारलं, काय झालं बाई?

"आता त्याची माफी मागून राह्यली. वरच्याची."

लालसूनं पुढची सगळी औषधं नीट घेतली. पण महिन्याकाठी एकदा बाईंना मुद्दाम चिडवणं त्यानं सोडलं नाही.

मी एकदा विचारलं होतं, हा नियम तुमच्याकडं सगळे पाळतात का. तर म्हणाल्या, त्यांचं गाव इतकं वर उत्तरेला आहे की भर उन्हाळ्यात सूर्य बुडतच नाही. रात्री-मध्यरात्री पण ऊन. मी म्हटलं, मग माफीचं कसं? बाई मोठ्यांदा हसल्या. "म्हून तं! आमच्या गावातले लोकं सारा उन्हाळा एकमेकाशी बोलत नाईत. आन हिवाळ्यात सूर्य उगवतच नाई, तवा रागवाची सोयच नाई." मला ते खोटंच वाटलं. लेकरांनी त्यांच्या फोनवर दाखवलं तेव्हा पटलं.

मिशनची बाई असून बाटवायच्या बाबतीत त्या अगदीच कच्च्या. कच्च्या नव्हे, उलट्या. एकजण आला, "बाई, मी येशूचा होतो, मले टिनाचं छप्पर देजो." बाई त्याच्या अंगावर धावल्या. "येशूलेच छप्पर नव्हतं, तुले कुठून देऊ? पोट दुखते तं पोटाचं औषध घे. त्याच्यासाठी देव बदलाची गरज नाई." रविवारी प्रार्थनेला घरचे चौघं, सिरोंचाकडचे तेलुगू बोलणारे एक रिटायर मास्तर, आणि पावाच्या आशेनं मी. जैनी कधी यायची, पानाच्या पत्रावळ्या टाचत मागं बसायची, गाणं आवडलं तर मान हलवायची. मोहाची पहिली फुलं मात्र ती आपल्या पेनलाच वाहायची. पेन म्हणजे त्यांचा देव. बाईंनी तिला कधी त्यावरून टोकलं नाही. पण रोज पहाटे काळ्या कॉफीचा पेला घेऊन त्या एकट्या पडवीत बसायच्या तेव्हा हळू आवाजात नावं घ्यायच्या, एकेकासाठी प्रार्थना. त्यात जैनीचं नाव असायचं, लालसूचं असायचं. माझं पण ऐकलंय मी. माझ्या आईनंतर माझं नाव देवापुढं दुसऱ्या कुणी घेतलं नाही.

आता जैनीचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझ्या येण्याच्या आधी जैनीचं लहान पोरगं गेलं होतं. मेंदूत चढणारा ताप. घरच्यांनी आधी पेनजवळ नेलं, मग भर पावसात दवाखान्यात आणलं. बाई त्यांच्यावर खूप ओरडल्या, उशीर काऊन केला म्हणून. पण उशीर बाईंकडूनही झाला होता. जे इंजेक्शन लागत होतं ते संपलेलं होतं, आणि नाला भरल्यामुळं एटापल्लीहून येत नव्हतं. पोरगं बाईंच्या मांडीवर गेलं. त्या संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरायच्या आत बाई चिखलातून चालत जैनीच्या दारात गेल्या. जैनीनं त्यांना आंबील दिली. पुढच्या महिन्यात जैनी आपण होऊन दवाखान्यात कामाला आली. हे मला दोघींनीही सांगितलं नाही, लालसूनं सांगितलं. त्या दोघी यावर कधी बोलायच्याच नाहीत.

पुढं एका मार्चमध्ये, मोह पडत होता तेव्हा, बाईंना पाठवणाऱ्या मंडळाचे लोक आले. एक मोठे साहेब, सारखे हसणारे, आणि कॅमेरावाले दोघं. त्यांना तिकडच्या लोकांना दाखवायला सिनेमा करायचा होता. नागपूरहून मीच त्यांना आणलं. वाटेत त्यांनी मला चॉकलेट दिलं, लहान मुलाला देतात तसं. मी खाल्लं. आज आठवलं की थुंकावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी जैनीला अंगणातल्या मोहाखाली उभी केली. टोपली तिच्या हातात दिली. रिकामी होती म्हणून फुलं दुसऱ्यांच्या टोपलीतून आणून भरली. मोठे साहेब बाईंना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगू लागले. बाईंनी ते जैनीला मराठीत सांगायचं, आणि जैनीनं कॅमेऱ्याकडं बघून म्हणायचं.

बाई ऐकत होत्या. मी त्यांचा चेहरा ओळखतो. आधी गळ्यापासून लाल व्हायच्या, वर चढत जायचं. मग त्या जैनीकडं वळल्या, आणि सगळं गाव ऐकेल अशा आवाजात बोलल्या, मराठीत :

"जैनी, हे म्हणून राह्यले का तू असं सांग. म्हणावं, माह्या देवानं माहं लेकरू नाई वाचवलं. आम्ही अंधारात होतो, म्हून ते मेलं. मंग हे बाई आली आन उजेड झाला." श्वास घेतला. "माह्या मांडीवर मेलं ते! माह्या दवाखान्यात! माह्या देवानं तरी कुठी वाचवलं? पाह्यलं ना तू? तू तिथीच होती!"

जैनी तशीच उभी. टोपली हातात, तोंड घट्ट मिटलेलं. कॅमेरा चालूच होता.

बाईंनी तो तिपाईवरून ढकलून पाडला. पाहुण्यांच्या बॅगा आणून रस्त्यावर टाकल्या. मला म्हणाल्या, "बीडवाले, याहिले एटापल्लीच्या रेस्ट हाऊसले सोडून ये. आता."

मी सोडून आलो. मोठे साहेब अजून हसत होते, पण आता नुसते दातच दिसत होते. त्यांनी आमच्या साहेबांजवळ निरोप ठेवला होता. साहेबांनी तो मला समजावून सांगितला, कारण साहेबांना वाटत होतं माझं तरी बाई ऐकतील. निरोप असा, की घरचा नियम आम्हालाही ठाऊक आहे. संध्याकाळपर्यंत वाट बघू. बाई आल्या, माफी मागितली, तर झालं-गेलं विसरू. नाही आल्या तर असल्या स्वभावाच्या माणसाला मंडळ इथं ठेवू शकणार नाही. मंडळ नाही म्हणजे औषधं नाहीत, दवाखाना नाही, जीप नाही.

सूर्य मोहाच्या फांदीला लागला होता. मी जीप दारात आणून उभी केली. बाई पायरीवर बसलेल्या.

"चला बाई. बुडतोय."

हलल्या नाहीत. मग मी जे आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. त्यांच्यावर ओरडलो. म्हटलं, लालसूच्या दारात गेलात, गोरगा प्यालात. मला फेकून देणाऱ्याच्या दारात गेलात. दारुड्यांच्या, चोरांच्या, सगळ्यांच्या पाया पडलात. आज एकदा जा. खोटं खोटं जा. इथले लोक खाटेवर पेशंट घालून कुठवर चालत जातील? मी कुठं जाऊ? तुम्हाला देश आहे, मला काय आहे?

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "कॅमेरा पाडला, त्याचे पैसे साहेब पाठवून देईन. तेवढं माहं हाये." मग जरा थांबून, "राग माहा असता तं मी आतापावतो जाऊन आली असती, बीडवाले. हा राग जैनीचा हाये. तिच्या रागाची माफी मी कशी मागू? ते तं चोरी होईन."

त्या उठल्या. जीपकडं नाही आल्या, पायी निघाल्या, जैनीच्या घराकडं. मी मागं गेलो. जैनी अंगणात मोह वाळत घालत होती. बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "माह्या अंगणात तुले उभी केली. याहिले मी बलावलं होतं." जैनी आत गेली, आंबील घेऊन आली. बाई प्याल्या. दोघी मोह पसरवत राहिल्या. मागं कोंबड्या खुराड्यात शिरल्या.

रात्री टेबलाशी बाईंचं ताट पालथंच होतं. साहेबांनी त्यांना विचारलं नाही, जेवणार काय. बाई आपल्या देशात परत जाईपर्यंत संध्याकाळी ते ताट सुलटं झालं नाही. दुपारी दोन घास खायच्या, रात्री नुसती कॉफी. पोरगी रडायची. मी इतका चिडलो होतो की त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचो. मनात यायचं, एका बाईच्या हट्टापायी सगळ्या पंचक्रोशीचा दवाखाना जातोय. आणि तो गेलाच. पाऊस सुरू व्हायच्या आत ती चौघं गेली. बल्लारशाला गाडीत बसवताना बाईंनी माझे हात हातात घेतले. मला वाटलं माफी मागतील. त्या म्हणाल्या, "टायर बदलजो." जीप विकून टाकली होती हे त्या विसरल्या होत्या.

आता मी मोहर्लीला जंगल सफारीची जिप्सी चालवतो. वाघ दिसला नाही तर पाहुणे माझ्यावर ओरडतात, जणू मी तो घरी बांधून आलोय. त्यांतला एकही जण संध्याकाळी परत येऊन माफी मागत नाही. तिकडं आत अजूनही खाटेवरून पेशंट आणतात. लालसू गेला. परत आजारी पडला तेव्हा त्याला कुणी चिडून औषध घ्यायला लावलं नाही.

या मे महिन्यात साहेबांनी मला फोनवर तो सिनेमा पाठवला. सोबत फक्त "माफ कर" एवढंच. मंडळानं तो बनवलाच होता. मोहाखाली जैनी उभी, हातात टोपली, तोंड मिटलेलं. आणि वरून एका बाईचा गोड आवाज त्यांच्या भाषेत बोलत होता. मला भाषा येत नाही, पण काय बोलतेय ते मला माहीत होतं.

मी सुट्टी काढली, बस पकडली, गावात गेलो. दाखवावं की नाही याचा रस्ताभर विचार केला. पण तोंड तिचं होतं. जैनीनं पाहिलं. परत लाव म्हणाली. परत पाहिलं.

"भाऊ, हे कोन बोलून राह्यली? माहं तोंड तं बंद हाये."

मग तिनं फोन माझ्या हातात दिला आणि सुपडं उचलून तांदूळ पाखडायला लागली. इतक्या जोरात, की तांदूळ अंगणभर उडले.

जूनमध्ये पहाटे मी गेटच्या रांगेत जिप्सी लावून बसलो होतो. अजून उजाडलं नव्हतं. फोन वाजला, व्हिडिओचा. बाई. केस पांढरे झालेले, हातात तोच काळ्या कॉफीचा पेला.

"जेवला काय, बीडवाले?"

मी म्हटलं, बाई, इथं पहाट आहे.

"जैनीले दाखवलं काय ते?"

"दाखवलं."

"मंग? राग गेला तिचा?"

मी तांदळाचं सांगितलं. बाईंनी पेला खाली ठेवला. मग त्यांनी फोन खिडकीकडं फिरवला. तिकडं मध्यरात्र होती. काळ्या झाडांच्या शेंड्यावर सूर्य बसलेला, तांबडा, मोठा, आणि जागचा हलत नव्हता.

"पाह्य," मागून त्यांचा आवाज आला. "अजून वरच हाये."

याच माणसाला मी एकदा जीप दारात लावून म्हटलं होतं, चला बाई, बुडतोय. माझ्या पुढच्या गाड्या सुरू झाल्या, मागच्यानं हॉर्न मारला. मी फोन जवळ धरला.

"राहू द्या, बाई," म्हटलं. "राहू द्या वरच."